राजचिन्ह वाचावे कसे : बेळगाव सीमाभागातील ढाली, ध्वज आणि दगड

इंग्लंडमध्ये १८९४ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने ग्रामीण जिल्हे निर्माण झाले आणि १९७४ साली ते मोडीत निघाले. मधल्या काळात त्यांतील अनेक जिल्ह्यांनी लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या १४८४ साली स्थापन झालेल्या संस्थेकडून स्वतःसाठी ढालीच्या आकाराचे चिन्ह रीतसर मंजूर करून घेतले. जर्मनीतील ग्रामीण जिल्हे आजही अशी ढाल वापरतात. आपल्याकडे ही प्रथा नाही. बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून आलेल्या पत्राच्या माथ्यावर कर्नाटक राज्याचे चिन्ह असते, आणि विजापूर, बागलकोट, कारवार या जिल्ह्यांतही तोच प्रकार आहे. तरीसुद्धा खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून अथणी-चिकोडीच्या माळापर्यंत वाचण्याजोगी चिन्हे इतकी पसरलेली आहेत की एखाद्या युरोपीय जिल्ह्याने हेवा करावा. ती कागदावरच्या ढालीवर कमी आणि देवळाच्या आवारातील शिलालेखांवर, ताम्रपटांच्या मुद्रांवर व गावाबाहेरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, अधिक आहेत, एवढाच फरक.

ही चिन्हे वाचताना बहुतेकांची नजर आधी प्राण्यावर जाते. सिंह दिसला की कदंब, गरुड दिसला की यादव, वराह दिसला की चालुक्य, असा निकाल देऊन माणसे मोकळी होतात आणि पुढे तोच निकाल गावच्या जत्रेच्या पत्रिकेत छापून येतो. माझ्या मते वाचनाचा क्रम नेमका उलटा हवा. चिन्ह कशावर आहे हे आधी पाहावे, त्या वस्तूवर ते कोणत्या जागी आहे हे नंतर पाहावे, सोबत मजकूर असल्यास तो वाचावा आणि आकृतीचा अर्थ सर्वांत शेवटी लावावा. पुढील सर्व सूचना या एका क्रमाचाच विस्तार आहेत.

ढाल वाचण्याची रीत

सरावासाठी रोजच्या पाहण्यातील कर्नाटक राज्याचे चिन्ह घ्यावे, कारण त्याची रचना युरोपीय ढालीच्या पद्धतीची आहे. मधोमध तांबडी ढाल असून तिच्यावर पांढऱ्या रंगाचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे. ढालीच्या दोन्ही बाजूंना हत्तीचे डोके आणि सिंहाचे धड असलेले, पिवळ्या अंगाचे व तांबड्या आयाळीचे दोन प्राणी हिरव्या पानांच्या आसनावर उभे आहेत. ढालीच्या माथ्यावर सारनाथचा अशोकस्तंभाचा शिरोभाग आहे आणि सर्वांत खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ हे वाक्य आहे.

आता हीच आकृती जागांच्या हिशेबाने वाचावी. ढालीवर जे असते ते चिन्हधारकाचे स्वतःचे असते. येथे ते म्हैसूरच्या वडियार घराण्याकडून आलेले आहे. माथ्यावर जे असते ते बहुधा मान किंवा वरिष्ठ अधिकार दाखवते. संस्थान संपून प्रजासत्ताक आले तेव्हा ढाल तशीच राहिली आणि माथा भारत सरकारच्या चिन्हाने व्यापला. बाजूचे प्राणी ढाल तोलून धरणारे धारक होत. त्यांचे काम राखणीचे आणि शोभेचे असल्यामुळे त्यांच्यावरून राज्यकर्ता ठरवू नये. खालचे वाक्य हे बोधवाक्य असते आणि ते बदलणे सर्वांत सोपे असल्यामुळे कालनिर्णयाला त्याचा आधार बेताचाच मिळतो. एवढे ध्यानात घेतले की कोणत्याही अनोळखी ढालीसमोर उभे राहून कोणता भाग जुना आणि कोणता नंतर जोडलेला असावा, याचा तर्क करता येतो.

गंडभेरुंडाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. विष्णूने नरसिंहाचा अवतार घेतला, त्याला शांत करण्यासाठी शिवाने शरभाचे रूप घेतले आणि शरभाला आवरण्यासाठी विष्णू पुन्हा गंडभेरुंड झाला, अशी कथा वैष्णव परंपरेत सांगितली जाते. शैव परंपरा अर्थातच शरभापाशी थांबते. शिमोगा जिल्ह्यातील बळ्ळिगावी येथे १०४७ साली उभारलेला भेरुंडस्तंभ असून त्यावर माणसाचे धड आणि पक्ष्याची दोन डोकी असलेली मूर्ती आहे. (बळ्ळिगावी म्हणजे बेळगाव नव्हे. नावाच्या साम्यामुळे हा स्तंभ आपल्याकडे असल्याचे पुष्कळांना वाटते.) पुढे विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर हा पक्षी दिसतो आणि विजयनगरनंतर म्हैसूरकरांनी तो आपलासा केला. राज्यचिन्हातील बाजूच्या प्राण्यांना कोणी शरभ म्हणतात, कोणी गजकेसरी. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर ज्याला शरभ म्हणतात तो मात्र बहुधा पंख असलेला, सिंहाच्या तोंडाचा प्राणी असतो. त्यामुळे नोंद करताना ‘शरभ आहे’ एवढेच लिहून भागत नाही, त्याचे डोके, धड आणि पंख यांचे वर्णन लिहावे लागते.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्यचिन्हातील पक्षी दक्षिणेकडील वारसा घेऊन आलेला आहे, त्यामुळे आपल्या भागातील जुन्या दगडांवर तो सापडेल या अपेक्षेने फिरू नये. हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. कोणते चिन्ह कोठे शोधावे याची ती साधी सूचना आहे.

युरोपीय ढालीचे आणखी काही नियम माहीत असावेत, कारण संस्थानी काळातील कागदांवर ते उपयोगी पडतात. ढालीची उजवी बाजू ती धरणाऱ्याच्या दृष्टीने मोजतात, म्हणून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असलेला भाग मानाचा ठरतो. सोनेरी आणि रुपेरी हे दोन ‘धातू’ आणि तांबडा, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे ‘रंग’ मानतात. धातूवर धातू आणि रंगावर रंग ठेवू नये असा दंडक आहे, आणि त्यामागे लांबून ओळखू यावे एवढाच व्यवहारी हेतू आहे. एकरंगी छपाईत किंवा कोरीव कामात रंग रेषांनी दाखवतात. ठिपके म्हणजे सोने, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेषा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा आणि उभ्या-आडव्या जाळीची वीण म्हणजे काळा. जुन्या कोर्ट फीच्या तिकिटावर ढालीत बारीक आडव्या रेषा दिसल्या तर त्या छपाईच्या शोभेसाठी आहेत असे समजून पुढे जाऊ नये.

ग्रामीण जिल्ह्यांच्या ढालींत नागमोडी निळे-पांढरे पट्टे बहुधा नदी किंवा पाणी सांगतात आणि धान्याची पेंढी शेती सांगते. काही चिन्हे तर गावाच्या नावावरच बेतलेली असतात. ऑक्सफर्डच्या चिन्हात बैल नदीचा उतार ओलांडताना दाखवतात आणि बर्लिनच्या चिन्हात अस्वल असते. ‘तांबडा म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा’ अशा याद्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्या पुष्कळशा मागाहून रचलेल्या असतात आणि कोणत्याही ढालीला सारख्याच लागू पडतात.

ढालीची ही पद्धत आपल्याकडे संस्थानिकांच्या दरबारांतून रुजली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरलेल्या दरबारात संस्थानिकांना ढालींची चिन्हे असलेले रेशमी ध्वज देण्यात आले आणि त्यांची रेखाटने बंगाल प्रांताच्या सनदी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी केली होती. बेळगावच्या आसपास कोल्हापूर, सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी संस्थाने असल्यामुळे त्यांचे शिक्क्याचे कागद अजूनही घरोघरच्या दप्तरांत सापडतात. असा कागद हाती आला तर ढालीतील आकृती त्या घराण्याची असली तरी मांडणी विलायती पठडीची असू शकते, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा.

लांछन, ध्वज आणि नगर

दगडाकडे वळताना ढालीचे नियम बाजूला ठेवावे लागतात. आपल्याकडील मध्ययुगीन घराण्यांच्या प्रशस्तीत, म्हणजे लेखातील राजस्तुतीत, चिन्हांचे निदान दोन प्रकार वेगवेगळे सांगितलेले असतात. मुद्रेवर किंवा नाण्यावर उमटते ते लांछन आणि काठीवर फडकते तो ध्वज. हे दोन्ही एकच असतील असे धरून चालल्याने मोठा गोंधळ होतो. गोव्याच्या कदंबांचे उदाहरण पाहावे. त्यांचे लांछन सिंह आहे, पण ध्वजावर वानर आहे. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह असतो आणि गोव्याहून बेळगावला येणाऱ्या कदंब महामंडळाच्या बसवर जो सिंह दिसतो तोही याच लांछनावरून घेतलेला आहे. एखाद्या कदंबकालीन देवळात मारुती कोरलेला दिसला म्हणून तो ध्वजावरील वानर ठरत नाही, आणि सिंह नसला म्हणून ते देऊळ कदंबांचे नाही असेही ठरत नाही.

गरुडाची गंमत याहून मोठी आहे. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवर गरुड आहे, देवगिरीच्या यादवांचा गरुड आहे, कोल्हापूरच्या शिलाहारांचा ध्वज सुवर्णगरुड आहे आणि सौंदत्तीच्या रट्टांचा ध्वजही सुवर्णगरुडच आहे. रट्टांची राजधानी पुढे सौंदत्तीहून वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला, आली आणि तेराव्या शतकात यादवांनी त्यांचा प्रदेश घेतला. म्हणजे एकाच तालुक्यात शे-दीडशे वर्षांच्या अंतराने तीन घराण्यांचे गरुड असू शकतात आणि नुसत्या पंखांवरून त्यांतील एक निवडण्याचा मार्ग नाही.

मार्ग आहे तो मजकुरात. या घराण्यांच्या प्रशस्तीत ध्वज व लांछन यांच्या जोडीला एका नगराचे नाव येते आणि ते नाव म्हणजे या कुलपाची किल्ली होय. ‘लत्तनूरपुरवराधीश्वर’ आले तर रट्ट, ‘तगरपुरवराधीश्वर’ आले तर शिलाहार, ‘बनवासीपुरवराधीश्वर’ आले तर कदंब, ‘कालंजरपुरवराधीश्वर’ आले तर कलचुरी. कलचुरींचा ध्वज सुवर्णवृषभ आहे, म्हणून विजापूर-मंगळवेढ्याच्या बाजूला ही शेवटची नोंद विशेष उपयोगी पडते. ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद यादवांचे आहे, परंतु होयसळही तेच लावत, तेव्हा तेथे राजाचे नाव वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. काही घराणी तर वाद्यही सांगतात. कदंबांसमोर पेर्मट्टि वाजे आणि रट्टांसमोर त्रिवळी. हे शब्द लेखात बिरुदांच्या रांगेत, राजाच्या नावाच्या आधी येतात. त्यामुळे संपूर्ण लेख वाचता आला नाही तरी पहिल्या काही ओळींत त्यांचा शोध घेणे शक्य असते.

येथे मराठी वाचकाची अडचण होते ती लिपीची. आपल्या भागातील या काळचे बहुतेक लेख जुन्या कन्नडात आहेत. बसची पाटी आणि तहसील कार्यालयातील अर्ज वाचण्यापुरते कन्नड आपल्यापैकी बहुतेकांना येते, पण हळेगन्नड त्याने उलगडत नाही. अशा वेळी कन्नडच्या प्राध्यापकाकडे जाण्यास संकोच करू नये. जे. एफ. फ्लीट या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने बेळगाव-धारवाडकडील लेख एकोणिसाव्या शतकातच वाचून प्रसिद्ध केलेले असल्यामुळे, आपल्या गावचा लेख आधीच छापलेला आहे का, हे ग्रंथालयात पाहणे हे पहिले काम समजावे.

देवाचे चिन्ह आणि राजाचे चिन्ह

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून दोन ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवावीत.

पहिले खानापूर तालुक्यातील हलशी. कदंबांच्या आरंभीच्या काळात हे पलाशिका नावाचे महत्त्वाचे नगर होते, येथे त्यांचे ताम्रपट सापडले आणि पुढे गोव्याच्या कदंबांच्या काळातही त्याचे महत्त्व टिकले. तेथील भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि त्यांपैकी एकात पृथ्वीला उचलून धरणारा वराह आहे. वराह हे बदामीच्या चालुक्यांचे लांछन, कल्याणीच्या चालुक्यांचेही, आणि पुढे विजयनगरच्या मुद्रेवर सूर्य, चंद्र व कट्यार यांसह तोच वराह येतो. म्हणून हलशीचा वराह पाहून कोणी चालुक्यांचे नाव घेतले तर ते समजण्यासारखे आहे, पण ते चूक आहे. गाभाऱ्यातील मूर्ती ही पूजेची देवता आहे आणि ते देऊळ सिंहलांछन असलेल्या कदंबांच्या राजवटीतील आहे. दोन्ही वराह ओळखण्याची खूण अशी की देवता म्हणून कोरलेल्या वराहाला बहुधा माणसाचे शरीर, हातांत शंख-चक्र आणि सोबत भूदेवी असते. मुद्रेवरील वराह साधारणपणे चार पायांवर उभा, एका बाजूने दाखवलेला आणि लहान असतो. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, जे ५७८ साली पूर्ण झाले, वराहाची भव्य मूर्ती आहे. तेथे राजाचे लांछन आणि राजाचा देव एकच झालेले आहेत, म्हणून तेथे दोन्ही अर्थ शोभतात. हलशीला ते शोभत नाहीत.

दुसरे ठिकाण बेळगावच्या किल्ल्यातील कमळ बस्ती. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास ही बांधली आणि छतावरील कोरीव कमळामुळे तिला हे नाव पडले. जैन मंदिरात लांछन हा शब्द निराळ्याच कामी येतो, कारण प्रत्येक तीर्थंकराला स्वतःचे लांछन असते. नेमिनाथांचा शंख, ऋषभदेवांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, महावीरांचा सिंह, चंद्रप्रभांची चंद्रकोर. मूर्तीच्या पीठावर मधोमध जे लहानसे चिन्ह असते ते तीर्थंकराचे. पीठाच्या दोन्ही टोकांना जे सिंह असतात ते सिंहासनाचे, आणि ते कोणत्याही तीर्थंकराच्या पीठाला असू शकतात. यांतील एकाचाही राजघराण्याशी संबंध नाही. पीठावरील टोकाचा सिंह पाहून कदंब आठवणे किंवा मधला हत्ती पाहून रट्ट आठवणे, या दोन्ही वाटा आडरानात जातात. रट्टांच्या ‘सिंदूरलांछन’ या बिरुदाचा अर्थ काही अभ्यासक हत्ती असा करतात आणि काही शेंदूर असा, तेव्हा तेथे तर अधिकच सावध राहावे.

शिवमंदिरासमोरील नंदीलाही हाच न्याय लावावा. तो वाहन म्हणून बसलेला असतो; त्याला कलचुरींच्या सुवर्णवृषभाशी जोडायचे तर लेखातील शब्दांचा आधार हवा.

चंद्र, सूर्य, गाय आणि हात

दानलेखाच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य जवळजवळ ठरलेलेच असतात. ते कोणत्याही घराण्याचे चिन्ह नाहीत. चंद्र-सूर्य असेपर्यंत, म्हणजे आचंद्रार्क, हे दान चालावे, असा त्यांचा अर्थ आहे. त्यांच्या खाली मध्यभागी शिवलिंग आणि पूजा करणारी व्यक्ती असल्यास दान शैव संस्थेला, पद्मासनातील जिनमूर्ती असल्यास बस्तीला, असा पहिला अंदाज बांधता येतो. बाजूला वासराला पाजणारी गाय असते आणि पुष्कळदा तिच्याजवळ कट्यार असते. या कट्यारीला वीराची कट्यार समजू नये. दानलेखावरील कट्यार आणि गाय ही त्या दगडाची नेहमीची जोडी आहे.

लेखाच्या शेवटी शापवचन असते. ‘स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्’ हा श्लोक अनेक लेखांत येतो आणि दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होईल, असे तो सांगतो. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी कोकण, गोवा आणि महाराष्ट्रात हाच धाक चित्राने घातलेला आढळतो. त्या दगडाला गधेगळ म्हणतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे ओंगळ शिल्प, अशी त्याची मांडणी असते. गावातील वडीलधारी माणसे त्याविषयी बोलायला बिचकतात, म्हणून चारचौघांत प्रश्न विचारण्याऐवजी नंतर एकट्याला विचारावे.

वीरगळ खालून वर वाचावा. तळच्या चौकटीत लढाई असते आणि वीर का मेला हे तेथे कळते. शेजारी गुरे कोरलेली असतील तर तो गुरे सोडवताना पडला. समोर घोडेस्वार असतील तर लढाई मोठी होती. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हातांवर तोलून वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आणि त्याच्यावर कलश किंवा चंद्र-सूर्य असतात. एखाद्या वीरगळाचा वरचा भाग नीट पाहिला तर पूजा करणाऱ्या वीराच्या कमरेची तलवार तेथे नसल्याचे लक्षात येते. खालच्या चौकटीत तीच तलवार उगारलेली असते. जैन वीराच्या दगडावर लिंगाच्या जागी जिन असतो. सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात असतो आणि पंजा उघडा असतो. त्याला ‘आशीर्वादाचा हात’ म्हणून राजचिन्हांच्या यादीत घालू नये.

कागदावरील मुद्रा

सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदांवर प्राणी शोधू नयेत. तेथे चिन्ह म्हणजे अक्षरेच. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ या शब्दांनी सुरू होते आणि पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मर्यादामुद्रा येते, म्हणजे त्यापुढे कोणी मजकूर घुसडला तर तो उघडा पडतो. पेशव्यांच्या मुद्रेत छत्रपतींचे नाव आधी आणि पेशव्याचे नंतर येते; अधिकाराची उतरंड तेथे जागेने नव्हे, नावांच्या क्रमाने सांगितलेली आहे. आजच्या महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत दीप असून भोवती शिवमुद्रेचाच श्लोक शेवटच्या ओळीत ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ असा बदल करून घेतलेला आहे, आणि गोव्याच्या चिन्हात वृक्षदीप आहे. ज्यांची शेती एका राज्यात आणि सोयरीक दुसऱ्यात आहे, त्यांच्या कपाटात ही तिन्ही चिन्हे असतात. ती शेजारी ठेवून पाहिली की ढालीची पद्धत आणि मुद्रेची पद्धत यांतील फरक आपोआप समजतो.

ग्रामपंचायतीच्या कमानीसाठी किंवा मंडळाच्या पत्रासाठी कोणी नवे चिन्ह करणार असेल तर त्यात सारनाथचे सिंह किंवा राज्याचे चिन्ह घेता येत नाही. १९५० चा चिन्हे व नावे यांविषयीचा कायदा आणि राष्ट्रीय चिन्हासाठीचा २००५ चा कायदा यांनी ते निषिद्ध केले आहे.

दगडासमोर उभे राहिल्यावर

दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात झिजलेला दगड सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जावे, म्हणजे तिरका उजेड कोरीव रेषांत सावली धरतो. देवळाच्या अंधारात मोबाइलचा दिवा दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून एका बाजूने धरावा आणि हळूहळू फिरवावा. समोरून दिवा मारल्यास असलेली अक्षरेही नाहीशी होतात. खानापूरकडे पावसाळ्यानंतर दगडावर शेवाळ असते. ते काढण्यासाठी पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, आम्ल किंवा साबण वापरू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा चुना फासण्याची जी सवय आहे ती पूर्णपणे सोडावी, कारण ज्याने खडू फासला त्याने आपल्या समजुतीची अक्षरे दगडावर लिहिलेली असतात आणि पुढचा वाचक तीच वाचतो.

वीरगळ पुष्कळ ठिकाणी देव म्हणून पुजला जातो आणि त्याच्यावर शेंदराचे जाड कवच असते. ते खरवडू नये. गुरवाची किंवा पुजाऱ्याची परवानगी घेऊन जेवढे दिसते तेवढ्याची नोंद करावी. संरक्षित स्मारकातील लेखाचा कागदी ठसा घ्यायचा असल्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. छायाचित्र काढताना शेजारी पट्टी ठेवावी, एक चित्र संपूर्ण दगडाचे, एक माथ्याचे आणि एकेक प्रत्येक चौकटीचे घ्यावे.

नोंद लिहिताना विलायती पद्धतीतील एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तेथे ढालीचे चित्र प्रमाण नसते, तिचे शब्दांतील वर्णन प्रमाण असते. ते वर्णन वाचून कोणत्याही चिताऱ्याने तीच ढाल पुन्हा काढली पाहिजे. आपली नोंदही तशीच असावी. उदाहरणार्थ : ‘दगड उभा, तीन चौकटींचा, वरचा कोपरा फुटलेला. माथ्यावर पाहणाऱ्याच्या डावीकडे चंद्रकोर, उजवीकडे सूर्य. वरच्या चौकटीत मध्ये लिंग, त्याच्या डावीकडे हात जोडून बसलेला पुरुष, उजवीकडे बसलेला बैल. तळाच्या चौकटीत ढाल-तलवारीसह एक पुरुष, समोर दोन, त्यांच्यामागे तीन गुरे. दुसऱ्या आडव्या पट्टीवर लेखाच्या दोन ओळी, लिपी कन्नड, डावीकडील अक्षरे झिजलेली.’ यात घराण्याचे नाव कोठेही नाही. ते खाली, वेगळ्या ओळीत, ‘अंदाज’ असा शब्द घालून आणि तो कशावरून केला हे सांगून लिहावे. डावे-उजवे पाहणाऱ्याचे की मूर्तीचे, हे प्रत्येक नोंदीत एकदा स्पष्ट करावे. दगड जेथे आज आहे ती जागा आणि गावकरी सांगतात ती पूर्वीची जागा, या दोन्ही लिहाव्यात, कारण रस्तारुंदीकरणात आणि देवळाच्या जीर्णोद्धारात दगड हलतात. नोंदीची एक प्रत मराठीत आणि एक कन्नडात करून देवस्थानच्या दप्तरात ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी जीर्णोद्धार समितीची बैठक बसेल तेव्हा दगड पायात घालण्यापूर्वी कोणाला तरी ती काढून दाखवता येईल.